हेळसांड कोणाची? जव्हार-मोखाड्याच्या बालकांचा इतिहास

वावर-वांगणी हे जव्हार तालुक्यातील एक आडबाजूचे गाव. १९९२ पर्यंत तालुक्याबाहेर त्याचे नाव फारसे कोणी ऐकले नसेल. १९९२-९३ साली मात्र ते महाराष्ट्रभर गाजले. तेथे आणि आसपासच्या पाड्यांवर अन्नाअभावी व आजाराने शंभराहून अधिक बालके दगावली, असे तेव्हापासून सांगितले जाते. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आत, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात हे घडले. मंत्री गेले, वार्ताहर गेले, धान्याच्या गाड्या गेल्या. त्यानंतर जव्हार-मोखाडा ही दोन नावे मराठी वृत्तपत्रांत 'कुपोषण' या शब्दाला कायमची जोडली गेली.

त्या काळी आणि पुढेही, सुशिक्षितांच्या बैठकीत या मृत्यूंचे एक ठरावीक कारण ऐकावयास मिळे. आईबाप अडाणी. पोरींची लग्ने लवकर होतात. दोन मुलांत अंतर नसते. मूल आजारी पडले की दवाखान्याऐवजी भगताकडे नेतात. बाप दारू पितो. थोडक्यात, मुलांची हेळसांड आईबापांनीच केली. मिस्सानंतर चर्चच्या आवारात उभे राहून आम्हीही असे बोललो आहोत, हे प्रथमच कबूल केलेले बरे. या कारणांपैकी एकही सर्वस्वी खोटे नाही. परंतु हेळसांड हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या शब्दालाही इतिहास आहे आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरालाही. हे दोन इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुलांच्या छळाचा व हेळसांडीचा वैद्यकीय दृष्टीने विचार होऊ लागला, त्याला फार दिवस झालेले नाहीत. १८७४ साली न्यूयॉर्क शहरात मेरी एलन नावाच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा घरात होणारा अमानुष छळ उघडकीस आला. तो उघडकीस आणला एटा व्हीलर या मिशनच्या कार्यकर्तीने. गरीब वस्तीत घरोघर जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करणे हे तिचे काम. मुलीला सोडवण्यासाठी तिने अनेकांचे उंबरठे झिजवले आणि अखेरीस ती प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाकडे गेली. घोड्याला चाबकाने मारणाऱ्याला जाब विचारणारी संस्था होती, मुलाला मारणाऱ्याला विचारणारी नव्हती. न्यायालयाने त्या मुलीची सुटका केली आणि त्यातूनच मुलांच्या रक्षणासाठी स्वतंत्र संस्था जन्मास आली.

डॉक्टरांना हा विषय आपला वाटावयास आणखी जवळजवळ नव्वद वर्षे लागली. १९६२ साली डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ७१ रुग्णालयांतून माहिती गोळा करून मारहाणीने जायबंदी झालेल्या ३०२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील ३३ मुले दगावली होती आणि ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. हाडे मोडलेले मूल पाहून 'पडला असेल' असे म्हणणारे डॉक्टर त्यानंतर दुसरा प्रश्न विचारू लागले. पुढच्या संशोधनात मुलांवरील अत्याचाराचे चार प्रकार मानले गेले: शारीरिक, लैंगिक, मानसिक, आणि चौथा हेळसांडीचा. अमेरिकेतील सरकारी नोंदी पाहिल्या तर पीडित ठरलेल्या मुलांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुले या चौथ्या प्रकारात मोडतात. मारहाण डोळ्यांना दिसते. न मिळालेले दूध, न दिलेली लस, रात्रभर अंगावर न घातलेले पांघरूण दिसत नाही.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने या विषयाचा मोठा अभ्यास करून २००७ साली अहवाल काढला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत दर तिघांपैकी दोघांनी शारीरिक माराचा अनुभव सांगितला. घर, शाळा, कामाची जागा, कोणतीच जागा निर्धोक नव्हती. आपल्या घरांतील छडी आणि आपल्या शाळांतील फूटपट्टीही त्यात आली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जव्हारच्या बाबतीत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या आपल्या जागतिक अहवालात हेळसांडीची व्याख्या करताना घातलेले एक पथ्य. मुलाचे आरोग्य, शिक्षण, पोषण, निवारा यांची तरतूद करण्यात पालक चुकला तर ती हेळसांड होय, परंतु तशी तरतूद करण्याजोगी त्याची स्थिती असेल तरच. ज्याच्या घरात दाणाच नाही त्याचे मूल उपाशी राहिले, तर ती त्या बापाची हेळसांड नव्हे. मग कोणाची? व्याख्या तेथे थांबते. आपल्याला इतिहासात शिरावे लागते.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी ते स्थापिले. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. शेजारचा मोखाडा मात्र संस्थानात नव्हता. तो इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात शहापूरला जोडलेला महाल होता. म्हणजे एकाच डोंगराच्या एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला कलेक्टर. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या रहिवाशांच्या ताटात त्यामुळे काही फरक पडला असे दिसत नाही. जंगल दोन्हीकडे सरकारजमा झाले. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर नागली-वरई करणारे हात दोन्हीकडे सावकाराच्या व जंगलठेकेदाराच्या दावणीला बांधले गेले.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याकडून प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करवली. ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारीचे आणि जमीनदारांच्या जुलमाचे चित्र सरकारी कागदावर उतरले, हेच त्या अहवालाचे मोल. याच भागात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. तरुण वारली आपल्या लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये घेई. त्या रकमेपोटी तो आणि त्याच्या मागोमाग त्याची बायको, दोघेही सावकाराच्या शेतात राबत. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि अक्षर फक्त सावकाराला येई. या घरात जन्मलेल्या मुलाचा विचार करा. त्याची आई सूर्योदयापूर्वी सावकाराच्या खळ्यावर गेलेली आहे. त्याला पाजावयाला केव्हा जायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. मुलाची हेळसांड येथे करारात लिहिलेली नव्हती, पण करारातूनच येत होती.

१९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारी आणि लग्नगडी यांविरुद्ध वारल्यांना उभे केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. तलवाडा आज विक्रमगड तालुक्यात आहे. गोदावरीबाईंनी हा सारा लढा पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितला. त्यांच्या राजकीय मताशी आमचे मत जुळो वा न जुळो, या डोंगरातील आईला मुलापाशी बसण्याची थोडीबहुत मोकळीक जर कोणत्या एका घटनेने मिळाली असेल, तर ती या उठावाने. बालआरोग्याच्या इतिहासात सहसा त्याची नोंद होत नाही. ती व्हावयास हवी.

त्याच वर्षी, म्हणजे १९४५ सालीच, डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांच्या शेजारी गेले. तेथे या दोघींना जे कळले ते आजच्या संशोधकांनीही पुनःपुन्हा वाचावे असे आहे. बालवाडी उघडली, पण मुले येईनात. का? तर मोठे मूल धाकट्याला कडेवर घेऊन बसलेले असे आणि त्याच्याहून मोठे गुरांमागे गेलेले असे. आईबापांना शाळेचे महत्त्व पटवून देणारी व्याख्याने देत त्या बसल्या नाहीत. बालवाडी त्यांनी पाड्याच्या अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. धाकट्याला पाळणाघर, मधल्याला बालवाडी, मोठ्याला शाळा, ही तिन्ही एकत्र आणल्यावर घराचा भार हलका झाला आणि मुले येऊ लागली. मुलाला आंघोळ घालणे, नखे काढणे, खरजेला औषध लावणे हे तेथे शिक्षणच मानले जाई. 'अंगणवाडी' हे नाव आणि ती कल्पना या अंगणातून आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द सरकारी दप्तरात जाऊन बसला. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे, १९७३ मध्ये, निवर्तल्या होत्या. अनुताई २७ सप्टेंबर १९९२ रोजी गेल्या. वावर-वांगणीचे वर्ष ते हेच.

ज्या जिल्ह्याने देशाला अंगणवाडी दिली, त्याच जिल्ह्यात हे कसे घडले? याचे उत्तर या भागाच्या वर्षचक्रात शोधावे लागते.

भात, नागली आणि वरई ही येथील पिके. उताराची जमीन, वरकस माती, पाणी धो-धो पडते आणि वाहून जाते. कार्तिकात धान्य घरात येते. देणे फेडून उरलेले पौष-माघापर्यंत पुरते. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे घर बंद करून खाली उतरतात: भिवंडी, वाडा, वसईच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर, बागायतीत. भट्टीचा मालक किंवा मुकादम आगाऊ रक्कम देतो. तिला कोणी उचल म्हणतात, कोणी बयाणा. ती सणातच संपलेली असते आणि मग सहा महिने नवरा-बायको ती फेडत विटा थापतात. पावसाच्या तोंडाशी सारे परत येतात. हातात थोडे पैसे असतात, ते बियाण्यात आणि घराच्या छपरात जातात. आषाढ-श्रावणात आवणीचे दिवस. आई दिवसभर चिखलात ओणवी. घरात दाणा नाही, रोजगार हमीचे काम पावसात बंद, ओढ्यांना पूर आल्याने रस्ता बंद. रानातल्या भाज्या आणि कडू कंद उकडून मोठी माणसे दिवस काढतात. दीड वर्षाचे मूल कंद खाऊन कसे जगणार? त्यातच हगवण, हिवताप, न्यूमोनिया. श्रावण-भाद्रपदात मूल जाते. सप्टेंबरात वृत्तपत्रांत बातमी येते. ऑक्टोबरात पथक येते, तेव्हा शेतात नागली डोलत असते आणि पाहणाऱ्याला वाटते, येथे तर सारे हिरवेगार आहे.

या पार्श्वभूमीवर 'मुलाला वेळेवर दवाखान्यात आणले नाही' या आरोपाचे काय होते ते पाहावे. दवाखान्यात न्यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, ओढा ओलांडायचा, उरलेल्या तीन मुलांना कोणाच्या तरी हवाली करायचे. रुग्णालयात भरती करून घेतले तर आठ-पंधरा दिवस आईने तेथे राहायचे. मग आवणी कोणी करायची? जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय पुष्कळांना ठाऊक आहे. तेथून कमी वजनाचे मूल अर्धवट उपचारात घेऊन निघून जाणारी आई डॉक्टरांच्या नोंदीत 'सल्ला न मानता गेलेली' ठरते. तिच्या हिशेबात ती घरी असलेल्या तीन मुलांकडे गेलेली असते.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९३ मध्ये अमरावतीच्या मेळघाटातूनही तशाच बातम्या आल्या आणि १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आखली गेली. पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचवणे, दुर्गम गावांत फिरती पथके, खावटी कर्ज, दाईंच्या बैठका, अशी तिची अंगे होती. वर्षचक्राची जाणीव त्या आखणीत होती, हे मान्य केले पाहिजे. अडचण आली ती मोजण्यात. २००१ च्या सुमारास डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातील काही स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगावच्या बालमृत्यूंची प्रत्यक्ष मोजणी केली आणि 'कोवळी पानगळ' या नावाने अहवाल काढला. सरकारी नोंदींपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक, हा त्याचा निष्कर्ष खळबळजनक ठरला. शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. न मोजलेले मूल जगले काय आणि मेले काय, कागदाला दोन्ही सारखेच, ही गोष्ट तेव्हा प्रथम अधिकृतपणे मान्य झाली.

मोजण्याच्या पुढे काय करावे, याचे उत्तरही महाराष्ट्रातच मिळाले होते. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांतून अल्पशिक्षित स्त्रिया निवडून त्यांना नवजात बाळाची निगा शिकवली. आरोग्यदूत म्हणून त्या बाळंतिणीच्या घरी जात. बाळाचे वजन, ताप, श्वासाची गती पाहात. बाळाला गुंडाळून ऊब द्यावयास शिकवत. जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर औषध देत. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. मोठे रुग्णालय नाही, यंत्रे नाहीत. एक शिकलेली शेजारीण दारात येत होती. २०११ पासून हीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू झाली.

योगायोग असा की मुलांच्या हेळसांडीवरील पाश्चात्त्य संशोधनही फिरून याच दारापाशी आले. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गरीब भागात डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस प्रथमच आई होणाऱ्या चारशे स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या काहींच्या घरी परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात राहिल्या. पंधरा वर्षांनंतर पाहिले, तेव्हा या घरांत मुलांच्या छळाच्या व हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या तक्रारी इतरांच्या मानाने जवळजवळ निम्म्या होत्या. परिचारिकांनी कोणाला धमकावले नव्हते. त्या बसत, ऐकत, दूध पाजण्याची अडचण सोडवत, बापाला नोकरीचा अर्ज भरून देत. एटा व्हीलरने शंभर वर्षांपूर्वी एका मुलीसाठी जे केले, ते येथे मूल पोटात असतानाच सुरू झाले होते. संकटाच्या काठावर असलेल्या कुटुंबाला आधार देणे म्हणजे काय, हे सांगणारा याहून चांगला पुरावा आमच्या वाचनात नाही.

तरीही जव्हार-मोखाड्याची बातमी थांबलेली नाही. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. आणि तरी २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातील कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी पुन्हा राज्य हादरले. ऑगस्ट २०२२ मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करीत असताना, मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरील बाळंतिणीला रस्ता नसल्याने डोलीत घालून न्यावे लागले. तिची जुळी मुले वाचली नाहीत. याच तालुक्याच्या डोंगरांत अडवलेले वैतरणेचे पाणी नळावाटे मुंबईला जाते आणि चैत्र-वैशाखात येथल्या बाया टँकरची वाट पाहतात, हे आता इतके जुने झाले आहे की लिहितानाही संकोच वाटतो.

एक घटना मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२१ साली मोखाडा तालुक्यातील एका कातकरी मजुराने आत्महत्या केली. मुलगा वारला, त्याच्या कफनासाठी त्याने मालकाकडून ५०० रुपये घेतले आणि ते फेडण्यासाठी त्याला राबवून घेण्यात आले, अशी तक्रार होऊन वेठबिगारविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. हा कायदा १९७६ चा आहे. लग्नाच्या कर्जापायी माणूस गडी होई, ते १९४५ पूर्वी. येथे तर मेलेल्या मुलाच्या कापडापायी.

आता आपल्या घराकडे वळू. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला. वसईच्या हिरव्या वाड्यांपासून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरापर्यंतचा मुलूख त्यात येतो. म्हणजे ही मुले आपल्याच बिशपांच्या धर्मप्रांताच्या हद्दीत जन्मतात, मग त्यांचा धर्म कोणताही असो. डहाणू-तलासरी पट्ट्यात जेजुइट धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी शाळा, वसतिगृहे, दवाखाने उभारले, अनेकांनी आपली हयात तेथे घातली. एकेकाळी येशूसंघात असलेले प्रदीप प्रभू आणि त्यांचे सहकारी १९७८ पासून कष्टकरी संघटनेच्या रूपाने मजुरीच्या व जमिनीच्या हक्कांसाठी लढले. ते आपल्यांतील सर्वांनाच रुचले असे नाही. वसई तालुक्यातील उसगावच्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या. कुरणातल्या शाळेचीच ती धाकटी बहीण म्हणावी.

धर्मग्रामांतून होणाऱ्या मदतीबद्दल थोडे स्पष्ट बोलावयास हवे. आपला ट्रक डोंगरात जातो तो बहुधा नाताळाच्या सुमारास. त्यात स्वेटर असतात, वह्या असतात, मिठाई असते. देणाऱ्याचे मन चांगले असते, याविषयी शंका नाही. परंतु डिसेंबरात त्या घरी एक तर धान्य असते, किंवा घराला कडी असते आणि माणसे भट्टीवर गेलेली असतात. पोटाला चिमटा बसतो तो ऑगस्टात, आणि तेव्हा आपण मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाचा सण आणि गौरी-गणपतीची सुट्टी यांत असतो. दुसरे असे की वही आणि गणवेश सहा वर्षांच्या मुलाला मिळतो, वसतिगृहही त्याच्यासाठीच असते. मरणारे मूल बहुधा दोन वर्षांच्या आतले, पुष्कळदा महिन्याच्या आतले. ते वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. गरोदर बाईला पावसाळ्याचे तीन महिने डाळ, गूळ, अंडी पोहोचवणे, दवाखान्यात मुलासह राहणाऱ्या आईची बुडालेली मजुरी भरून देणे, तिच्या मागे घरी राहिलेल्या मुलांना जेवू घालणे, यात छायाचित्र काढण्यासारखे काही नाही. म्हणून ते होत नाही, असे म्हणणे फार कडवट होईल. आपल्याला कोणी तसे सुचवले नाही, एवढेच म्हणू.

हेरोदाच्या तलवारीखाली गेलेल्या निष्पाप बालकांचा सण आपण २८ डिसेंबरला पाळतो. त्या कथेत एक कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन रात्री परमुलखात निघून जाते. मिसर देशात त्यांना कोणी थारा दिला, योसेफाला कोणी काम दिले, मरियेला बाळासाठी पाणी कोणी दिले, याविषयी शुभवर्तमान काही सांगत नाही. आम्हाला लहानपणापासून त्या न सांगितलेल्या भागाचे कुतूहल वाटत आले आहे.

डोंगरातल्या अंगणवाडीत प्रत्येक मुलाच्या वजनाची नोंद ठेवतात. सेविका दर महिन्याला मूल तोलते, दंडाचा घेर मोजते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला तर मूल अतितीव्र कुपोषित. जून ते ऑक्टोबर या नोंदी नियमित असतात. कार्तिकानंतर पुष्कळ मुलांच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो आणि रकाने कोरे राहतात, ते पुढच्या ज्येष्ठापर्यंत. २०२२ च्या सुमारास राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धती सुरू केली. प्रारंभी निवडलेल्या जिल्ह्यांत पालघरही होते. जेथून निघाले तेथील सेविकेने कळवावे, जेथे पोहोचले तेथील सेविकेने शोधून काढावे, अशी ती योजना. भट्टी कोणत्या गावाच्या हद्दीत, मूल कोणत्या झोपडीत, हे सेविकेला सांगणारे तेथे कोणी असले तरच ते मूल सापडते. त्या कोऱ्या सहा-सात रकान्यांच्या काळात ते मूल आपल्या तालुक्यात असते. आपल्या रस्त्याच्या कडेला, निळ्या ताडपत्रीखाली, विटांच्या ढिगाआड.